नेकनूरच्या माळावरून बीडला निरोप: सरावातून नेमकं काय सिद्ध होतं?

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपल्यातले बहुतेक जण एकच चूक करतात. विषय चांगला असतो, तळमळ खरी असते, पण प्रश्न असा असतो की उत्तर आधीच ठरलेलं असतं. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यातही असंच एक वाक्य होतं: "आपत्तीच्या काळात हौशी रेडिओ उपयुक्त ठरतो का, याचा अभ्यास." मॅडमनी वाचलं, पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कशाच्या तुलनेत उपयुक्त? कुठे? किती वाजता? हे सांग, मग पुढचं बघू."

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या तीन प्रश्नांतच अर्धं कोर्सवर्क होतं. म्हणून आज ते तीन प्रश्न घेऊन एका सरावाची आखणी करू. ठिकाण बीड तालुक्यातलं नेकनूर. ही तालीम मी इथे कागदावरच मांडतेय, पण गाव, डोंगर, अंतरं आणि भौतिकशास्त्र खरं आहे. तुमचा विषय रेडिओ नसला तरी वाचा. मुद्दा रेडिओपुरता नाही.

आधी हौशी रेडिओ म्हणजे काय

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर पैसे न कमावता संवाद साधणारे लोक म्हणजे हॅम. आपल्याकडे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा हा परवाना देते. भारतीय कॉलसाइनची सुरुवात 'व्हीयू'ने होते. व्हीयू३ म्हणजे साधारणपणे रिस्ट्रिक्टेड दर्जा, व्हीयू२ म्हणजे जनरल. दुकानातून वॉकीटॉकी आणली म्हणून बोलायचा हक्क मिळत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. ऐकायला शिका, परीक्षा द्या, मग बोला.

जगभर हॅम क्लब वर्षातून एकदा तरी घराबाहेर पडतात. माळावर, टेकडीवर तंबू ठोकतात, झाडाला तार बांधतात आणि बॅटरीवर सेट चालवतात. अमेरिकेत याला 'फील्ड डे' म्हणतात. १९३३ पासून तो भरतो आणि जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी असतो. वीज नाही, पक्कं घर नाही, तयार अँटेना नाही, अशा अवस्थेत संपर्क जमतो का, ते तपासायचं हा त्यामागचा विचार.

कल्पना उत्तम आहे. पण या सरावातून नेमकं काय सिद्ध होतं? इथून संशोधन सुरू होतं.

नेकनूरच का?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढलात की बालाघाटच्या पठारावर आलात. मांजरसुंब्यावरून केजच्या दिशेने वळलं की पुढे नेकनूर. मोठं गाव, आठवडी बाजाराचं, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचा सगळा राबता इथे. बीडपासून रस्त्याने साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे लांब नाही. पण बीड शहर खाली बिंदुसरेच्या खोऱ्यात आणि नेकनूर वर पठारावर. मधे डोंगराची कड.

आपत्ती इथे नवीन नाही. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर बीडकर अजून विसरलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती, माणसं दमून झोपली होती आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. नेकनूरपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्या भूकंपानंतर हॅम मंडळी मदतीला गेली होती. आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, सोलापूर भागात नद्यांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

"आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे," असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे. पण मोबाईल म्हणजे तुमच्या हातातला फोन एवढंच नाही. टॉवर हवा, टॉवरला वीज हवी, वीज गेली तर टॉवरची बॅटरी किंवा जनरेटरचं डिझेल हवं, टॉवरपासून पुढे जाणारी फायबरची केबल पुलाबरोबर वाहून जायला नको, आणि हजार लोकांनी एकदम फोन लावला तरी यंत्रणा तुंबायला नको. या साखळीतली एक कडी तुटली तरी "नेटवर्क गेलं". हॅमच्या साखळीत कड्या कमी: दोन सेट, दोन बॅटऱ्या, दोन तारा, दोन शिकलेली माणसं. कड्या कमी, म्हणून भरवसा जास्त, असा दावा आहे. दावा तपासता आला पाहिजे.

हातातला सेट किती लांब जातो?

व्हीएचएफ म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. हातात धरायचे सेट बहुधा इथे चालतात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. एक सोपं गणित लक्षात ठेवा: दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

दोन माणसं सपाट जमिनीवर, सेट खांद्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटर. वर्गमूळ १.२२. दोघांचं मिळून २.४५. गुणिले ४.१२, म्हणजे जेमतेम दहा किलोमीटर. तेही झाडं, घरं, स्वतःचं शरीर मधे आलं नाही तर. नेकनूरहून बीडला हा सेट पोचणार नाही, कारण अंतरही जास्त आणि मधे डोंगराची कड.

आता एक जण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर गेला असं धरा. शंभरचं वर्गमूळ दहा. दहा आणि १.२२ मिळून ११.२२. गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर. सेट तोच, बॅटरी तीच, फक्त माणूस वर चढला. क्लब टेकड्या का शोधत फिरतात ते यावरून कळेल. मांजरसुंब्याच्या कडेला एक माणूस बसला, ज्याला बीडही दिसतं आणि नेकनूरही, तर तो मधला दुवा होऊ शकतो. पण मग साखळीत एक कडी वाढली. त्या माणसाला पावसात, रात्री, त्या कडेवर बसायचंय. हे वहीत लिहून ठेवा.

वर फेकून खाली झेलायचं

दुसरा मार्ग जास्त मजेशीर आहे. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे चाळीस मीटर लांबीच्या लहरी जर सरळ वर आकाशात सोडल्या, तर साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटरवर असलेला आयनमंडलाचा थर त्या खाली परतवतो. कारंजाचं पाणी वर जाऊन आजूबाजूला पडावं तसं. मधे डोंगर आहे की दरी, याच्याशी काही देणंघेणं नाही.

आकडे पाहा. थर तीनशे किलोमीटरवर धरला तर नेकनूरहून बीडला जाणारी लहर जमिनीशी ८७ अंशांचा कोन करते. किल्लारीला जायचं तरी ८० अंशांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सरळ वरच. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारायला सहाशे किलोमीटरचा फेरफटका, पण लहरीला त्याला दोन मिलिसेकंद लागतात.

यासाठी अँटेना कशी हवी? इथे नवखे फसतात. त्यांना वाटतं जितकी उंच तितकी चांगली. लांबच्या देशांशी बोलायचं असेल तर ते खरं. जवळचा जिल्हा गाठायचा असेल तर तार आडवी आणि खाली हवी. एकूण वीस मीटर तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि जमिनीपासून चार-पाच मीटर उंच. दोन बाभळी आणि दोरी एवढ्यात काम होतं. उलट गाडीवरची उभी काठी इथे कमी पडते, कारण ती डोक्यावर सरळ वर जवळजवळ काहीच पाठवत नाही.

इथवर सगळं छान आहे. समजा, डिसेंबरमधल्या एका रविवारी क्लब नेकनूरच्या माळावर गेला. सकाळी अकराला तार बांधली, सात मेगाहर्ट्झवर हाक दिली, बीडहून उत्तर आलं, लातूरहून आलं, संभाजीनगरहून आलं. सगळे खूश. फोटो काढले. बातमी आली: "आपत्कालीन संपर्काचा सराव यशस्वी."

आता मॅडमचा तिसरा प्रश्न आठवा. किती वाजता?

३ वाजून ५६ मिनिटे

आयनमंडल सूर्यामुळे तयार होतं. दिवसा थर दाट असतो, रात्री विरळ होत जातो आणि पहाटे, सूर्योदयाच्या आधी, सगळ्यात विरळ असतो. सरळ वर सोडलेली लहर परत येईल अशी एक कमाल वारंवारिता असते. तिला क्रांतिक वारंवारिता म्हणतात. तिच्यावरची लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. दुपारी ही मर्यादा सातच्या बरीच वर असू शकते. पहाटे ती सातच्या खाली उतरू शकते. तसं झालं तर नेकनूरहून सोडलेली हाक शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाला ऐकू येईल, पण बीडला नाही. बीड मुक्या पट्ट्यात गेलं.

किल्लारीचा भूकंप पहाटे ३:५६ ला झाला. नेमक्या त्या वेळेला, जेव्हा आकाशाचं छप्पर सगळ्यात पातळ असतं.

म्हणजे सकाळी अकराच्या सरावाने सिद्ध काय केलं? डिसेंबरात सकाळी अकराला संपर्क होतो, एवढंच. पहाटेच्या भूकंपाबद्दल त्याने काहीच सांगितलं नाही. पहाटेसाठी साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरावं लागेल आणि तिथे तारेची लांबी दुप्पट, म्हणजे चाळीस मीटर लागते. ती तार त्या दिवशी पिशवीत होती का? अंधारात, टॉर्च तोंडात धरून, ती कुणी बांधून पाहिली होती का?

संशोधनाच्या भाषेत याला बाह्य वैधता म्हणतात. पुस्तकात वाचलं की शब्द पाठ होतो आणि अर्थ निसटतो. अर्थ इतकाच: जिथे तपासलं आणि जिथे वापरायचं, त्या दोन परिस्थिती किती सारख्या आहेत? सरावाची सोयीची वेळ आणि आपत्तीची वेळ यांतला फरक मोजल्याशिवाय "यशस्वी" हा शब्द लिहू नका.

फरक आणखीही आहेत. काही सरावाला सोपं करतात, काही उलट अवघड. चार पाहा.

पहिला, ऋतू. पूर पावसाळ्यात येतो. पावसाळ्यात विजा कडाडतात आणि त्यांचा खरखराट खालच्या लहरींवर सगळ्यात जास्त असतो. डिसेंबरातल्या निरभ्र दिवशी जे शब्द स्पष्ट ऐकू येतात, ते ऑगस्टमध्ये खरखरीत बुडू शकतात. शिवाय वीज पडत असताना माळावर ताणलेल्या तारेपाशी बसणं जिवावरचं. सराव थांबवायचा नियम आधी ठरवावा लागतो.

दुसरा, आवाज. क्लब माळावर जातो त्याचं एक कारण म्हणजे गावातला विद्युत गोंगाट. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर हे सगळे रेडिओवर घरघर सोडतात. पण खऱ्या आपत्तीत वीजच गेलेली असते. मग गावही शांत होतं. इथे सराव प्रत्यक्षापेक्षा अवघड असू शकतो. म्हणजे सरावाची प्रत्येक चूक एकाच दिशेची असेल असं धरायचं नाही.

तिसरा, माणसं. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला लाखो माणसं जातात. डिसेंबरात वस्तीवर म्हातारी माणसं आणि मुलं जास्त. पावसाळ्यात तीच वस्ती भरलेली. रेडिओवरून आलेला निरोप शेवटच्या घरापर्यंत चालत नेणारा कोण, याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. हा मुद्दा अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडणार नाही. तो गावात जाऊनच कळतो.

चौथा, बॅटरी. शंभर वॅटचा सेट बोलताना साधारण वीस अँपिअर ओढतो, ऐकताना एक. वेळेच्या पाचव्या भागात बोललो, बाकी ऐकलं, तर सरासरी ४.८ अँपिअर. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि ती खराब होऊ नये म्हणून निम्मीच वापरली, तर चार तास. आता ताकद वीस वॅटवर आणा. बोलताना आठ अँपिअर धरले तर सरासरी २.४, म्हणजे आठ तास. वेळ दुप्पट, आणि सिग्नल सात डेसिबलने कमी, म्हणजे मीटरवर एका घराच्या किंचित जास्त. बहुतेक वेळा समोरच्याला फरक जाणवतही नाही. दोन तासांच्या सरावात हा प्रश्न येतच नाही. आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी मात्र हाच पहिला प्रश्न असतो.

संपर्क झाला म्हणजे निरोप पोचला का?

फील्ड डेमध्ये बहुतेक गुण संपर्कांच्या संख्येवर मिळतात. कॉलसाइन सांगितली, ठरलेली दोन अक्षरं-आकडे दिले-घेतले, झाला संपर्क. काही सेकंदांचं काम. बॅटरीवर चालवल्याचे, औपचारिक निरोप पाठवल्याचे वेगळे गुण असतात, नाही असं नाही. पण जे मोजलं जातं त्याचीच तयारी माणूस करतो. परीक्षेत जे येतं तेवढंच आपणही वाचायचो, तसंच.

आपत्तीत कुणालाही संपर्कांची संख्या नको असते. निरोप हवा असतो. तो वेगळाच प्रकार आहे. हा सरावाचा एक निरोप पाहा:

"हा सराव आहे. निरोप क्रमांक सात. तातडीचा. नेकनूरहून, वेळ चौदा-वीस. प्रति नियंत्रण कक्ष, बीड. शब्द तेरा. पुलावर पाणी रस्ता बंद तीन गरोदर महिला रुग्णालयात हलवायच्या बोट नको ट्रॅक्टर पाठवा. हा सराव आहे."

मजकुराचे शब्द मोजा. तेरा. आता खरखरीत एकच शब्द गिळला गेला, 'नको'. उरलं काय? "बोट ट्रॅक्टर पाठवा." वाक्य तुटल्यासारखं वाटतही नाही, अर्थ मात्र बदलला. नियंत्रण कक्ष बोट शोधत बसेल. पण लिहून घेणाऱ्याने शब्द मोजले तर बारा येतात, सांगितले होते तेरा. तो लगेच म्हणेल, पुन्हा सांगा. शब्दसंख्या सांगण्याची ही पद्धत तारायंत्राच्या काळापासून आहे आणि तिला ना वीज लागते ना सॉफ्टवेअर. पाठवणाऱ्याने सांगायचं, घेणाऱ्याने लिहायचं, मोजायचं आणि वाचून दाखवायचं. सुरुवातीला आणि शेवटी "हा सराव आहे" हे म्हणायचंच, नाहीतर मधेच कुणी ऐकलं तर खरोखर धावपळ व्हायची.

इथे आपल्या भाषेचे स्वतःचे प्रश्न आहेत. इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी आंतरराष्ट्रीय यादी आहे. पण गावाचं नाव मराठीत कसं उच्चारून सांगायचं? पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्यात पावलोपावली. नुसतं "पिंपळगावला मदत पाठवा" म्हणणं धोक्याचं. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत ऐकून बघा. 'एकोण'पर्यंत दोन्ही सारखे आणि नेमका शेवटच बुडाला तर दहाचा फरक. म्हणून आकडे सुटे सांगायचे: पाच नऊ, सहा नऊ. मराठी बोलणाऱ्या दोन माणसांत, खरखराट ठरावीक ठेवून, कोणते आकडे आणि कोणते शब्द सर्वांत जास्त चुकतात? हा प्रयोग खोलीत बसून, रेडिओ परवान्याशिवाय, ध्वनिमुद्रणावर करता येतो. भाषाशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावा असा. घ्या कुणीतरी.

कशाच्या तुलनेत?

आता मॅडमचा पहिला प्रश्न. रेडिओने निरोप पंधरा मिनिटांत पोचला, असं सरावात मोजलं. छान. पण रस्ता चालू असेल तर नेकनूरचा एखादा पोरगा मोटारसायकलवर चिठ्ठी घेऊन पाऊण-एक तासात बीडला पोचतो. चिठ्ठीत 'नको' हा शब्द गळत नाही आणि सोबत फोटोही जातो. मग रेडिओचा खरा फायदा कधी? रस्ता बंद असताना, किंवा निरोप अनेक आणि दोन्ही दिशांनी असताना. हे सरावात दिसायचं असेल तर मोटारसायकलही सरावात हवी. एक वाट रेडिओची, एक वाट चिठ्ठीची, तेच निरोप. तुलना नसेल तर पंधरा मिनिटं हा आकडा लोंबकळत राहतो.

आणि घड्याळ कुठे थांबवायचं? समोरच्या ऑपरेटरने "मिळाला" म्हटलं तिथे नाही. ज्या अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा त्याच्या हातात कागद पडला तिथे. कितीतरी वेळा रेडिओचा भाग तीन मिनिटांत होईल आणि टेबलावरून टेबलावर जायला वीस मिनिटं लागतील. हे वेगळं मोजलं नाही तर दोष चुकीच्या माणसावर जाईल.

मग आखणी कशी करायची?

वहीत मी असं मांडलं आहे.

निरोप ऑपरेटरने स्वतः लिहायचे नाहीत. तिसऱ्या माणसाने लिहून बंद पाकिटात द्यायचे. स्वतः लिहिलेला निरोप माणूस आठवणीने ऐकतो, कानाने नाही.

प्रत्येक निरोपासाठी तीन नोंदी: कधी दिला, ज्याचा त्याला कधी मिळाला, किती शब्द चुकले. चुकलेल्यांपैकी अर्थ बदलणारे किती, हे वेगळं. तपासणाऱ्याला कोणता कागद रेडिओने आला आणि कोणता चिठ्ठीने, हे सांगायचं नाही.

मधेच अडथळे टाकायचे, पण आधी न सांगता. एक बॅटरी काढून घ्यायची. सगळ्यात अनुभवी माणसाला दोन तास बाजूला बसवायचं. त्याच्या गैरहजेरीत काम अडलं, तर तुमची यंत्रणा म्हणजे तो एक माणूस होता.

वेळा चार: पहाटे, सकाळ, दुपार, रात्र. ऋतू किमान दोन.

आणि आता सांख्यिकीचा सापळा. एका सकाळी वीस निरोप पाठवले म्हणून तुमचा नमुना वीसचा होत नाही. ती एकच सकाळ, एकच तार, तीच दोन माणसं, तेच आकाश. वीस निरोप एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. आयनमंडलाबद्दल बोलायचं असेल तर तुमच्याकडे एकच नोंद आहे. म्हणून एका दिवशी शंभर निरोपांपेक्षा दहा वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा निरोप कितीतरी मोलाचे. आरआरसीसमोर हा प्रश्न येतोच येतो. तेव्हा घाम फुटण्यापेक्षा आत्ताच विचार करा. शिवाय प्रत्येक दिवसाची क्रांतिक वारंवारिता नोंदवली तर "का चाललं नाही" हे सांगता येईल. ती मोजणाऱ्या यंत्राला आयनोसोंड म्हणतात. नवी मुंबईत पनवेलजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. आयनमंडलावरचं काम समजून घ्यायला तिथले शोधनिबंध वाचा.

परवानगीचं विसरू नका. ऑपरेटर परवानाधारक हवेत, परवान्यातल्या पत्त्याबाहेर स्टेशन चालवण्याचे नियम पाहायला हवेत, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवायला हवं. माळावर तारा बांधून कोडभाषेत बोलणारी चार अनोळखी माणसं दिसली तर गावाने काय समजावं?

यशोगाथांचं काय करायचं?

तुम्ही म्हणाल, एवढी चिकित्सा कशाला, हॅमनी जीव वाचवले आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. खरं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचा एक गट अंदमानात गेला होता. कारण आपत्तीचं नव्हतं. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलण्याची दुर्मिळ परवानगी मिळाली होती. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. पोर्ट ब्लेअरला त्यांचे सेट, अँटेना, माणसं तयार होती. छंदासाठी मांडलेलं स्टेशन बाहेरच्या जगाशी दुवा बनलं आणि बेटांवरच्या माणसांची खबर घरच्यांपर्यंत जाऊ लागली.

ही घटना मला मनापासून आवडते. पण संशोधक म्हणून तिच्याकडे पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, ते तिथे आधीच होते, हा योग होता. योगावर योजना उभी राहत नाही. दोन, जिथे स्टेशन चाललं त्याच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. जिथे तार तुटली, बॅटरी संपली, कुणी ऐकलंच नाही, तिथली गोष्ट सांगायला कुणी नसतं. फक्त पोचलेले निरोप मोजले तर पोचण्याचं प्रमाण नेहमी शंभर टक्के येईल.

योग बाजूला ठेवला तरी त्या घटनेत एक शिकण्यासारखं उरतंच. त्या गटाने घरापासून लांब, परक्या जागी स्टेशन उभं करण्याची तयारी केलेली होती. तंबू, तार, वीज, सगळ्याचा हात बसलेला होता. माळावरच्या सरावाचं खरं मोल बहुधा इथे आहे. "संपर्क झाला" या बातमीत नाही. काय काय मोडतं याची जी यादी सरावात हाती लागते, तिच्यात आहे.

म्हणून नेकनूरच्या सरावाच्या अहवालात मला 'यशस्वी' हा शब्द नको आहे. मला अशी वाक्यं हवी आहेत: पहाटे चार वाजता सात मेगाहर्ट्झवर बीड मिळालं नाही, साडेतीनवर मिळालं, तार बदलायला छत्तीस मिनिटं लागली. हा आकडा मी उदाहरण म्हणून लिहिलाय, खरा आकडा माळावर जाऊनच मिळेल. पण वाक्य असं हवं. कारण पुढच्या वेळी ती छत्तीस मिनिटं कमी करता येतात, आणि पुलापलीकडे अडकलेल्या बाईसाठी त्या मिनिटांना किंमत आहे.

आता तुमचं सिनॉप्सिस काढा. पहिल्या पानावरचा प्रश्न वाचा आणि शेजारी पेन्सिलने तीन शब्द लिहा: कशाच्या तुलनेत, कुठे, कधी. तिन्हींची उत्तरं एकेका ओळीत देता आली तर गाईडकडे जा. नाही आली तर आणखी एक आठवडा थांबा. तो आठवडा वाया जात नाही.